कुठेच नसलेल्या यंत्राची भाषा

काळा पडदा, हिरवी अक्षरं. मधोमध ‘साइन ऑन’, त्याखाली नाव आणि पासवर्ड भरायच्या दोन रेघा. आत शिरलं की क्रमांक घातलेला मेन्यू दिसतो आणि अगदी खाली आज्ञा लिहायला एक ओळ. माउसला इथे फारसं काम नाही. एफ-१ दाबलं की मदत, एफ-३ दाबलं की बाहेर, एफ-४ दाबलं की आज्ञेचे सगळे रकाने समोर. सेवाग्रामच्या हॉस्टेलमधल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवरही हा पडदा उघडतो. त्यामागचं यंत्र मात्र जर्मनीत आहे. ‘पब४००’ या नावाने ते शिकणाऱ्यांसाठी विनामूल्य खुलं ठेवलेलं आहे. खातं मागायचं, ५२५० टर्मिनलची नक्कल करणारा एक मोफत प्रोग्राम उतरवून घ्यायचा आणि आत जायचं.

हे यंत्र आयबीएमचं. १९८८ साली ते एएस/४०० म्हणून बाजारात आलं. पुढे आयसिरीज, मग सिस्टिम आय अशी नावं बदलत गेली, आणि २००८ पासून त्याच्या कार्यप्रणालीला ‘आयबीएम आय’ म्हणतात. खोलीभर पसरणारा मेनफ्रेम एका बाजूला, टेबलावरचा पीसी दुसऱ्या बाजूला; हे त्यांच्या मधलं, म्हणून मिडरेंज. बँका, विमा कंपन्या, कारखाने, घाऊक वितरक यांचे हिशेब अशा यंत्रांवर वर्षानुवर्षं चालतात आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो. ‘न दिसणारं’ या अंकाच्या सूत्रात ते म्हणूनच बसतं. पण त्याच्या पोटात न दिसणारं आणखी एक यंत्र आहे. त्याची भाषा शिकणं म्हणजे काय, आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यात ती शिकताना आधीचं कोणतं शिक्षण कामी येतं, हे पाहण्यासारखं आहे.

मूव्हर, मूव्हेम आणि कोरी वही

महाराष्ट्रात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही ‘एरेग, बीरेग, सीरेग’ म्हणून पाहा. चेहऱ्यावर ओळखीचं हसू येईल. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक धनंजय धामधेरे यांच्या ‘सिस्टिम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ या पाठ्यपुस्तकात एक काल्पनिक यंत्र आहे. त्याच्या आज्ञा मोजक्या: थांबण्याचा संकेतांक ००, बेरजेचा ०१, वजाबाकीचा ०२, ‘मूव्हर’चा ०४, ‘मूव्हेम’चा ०५. असेम्ब्ली भाषेतला प्रोग्राम वहीत लिहायचा, त्यातल्या खुणांची यादी करायची, पत्ते मोजायचे आणि पहिल्या फेरीनंतरचं मधलं रूप कंसाकंसांत मांडायचं. ते यंत्र कुणी कधी पाहिलेलं नाही, कारण ते कुणी कधी बांधलेलंच नाही.

त्याच्या आधीच्या पिढीचं पुस्तक जॉन डोनोव्हनचं, १९७२ सालचं. त्यातलं यंत्र खरं होतं, आयबीएम ३६०. सोळा रजिस्टर, पायाभूत पत्ता एका रजिस्टरमध्ये, तिथून पुढचं अंतर बारा बिटांत. म्हणजे एका पायावरून ४,०९६ बाइटांपर्यंतच हात पोचणार. एमओटी आणि पीओटी ही आज्ञांची कोष्टकं तोंडपाठ असत. गंमत अशी की यंत्र खरं असूनही इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठी ते काल्पनिकच होतं. परीक्षेत असेम्ब्लर लिहायचा तो कागदावर, आणि चालला की नाही हे ठरवायचं ते पेपर तपासणाऱ्याने.

हा अभ्यास सेवाग्रामच्या परिसरात व्हावा, यात एक विसंगती आहे. बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय सेवाग्रामलाच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात जी शिक्षण परिषद भरली, तिथे गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हातातल्या कामातून गणित, भूगोल, विज्ञान शिकवण्याचा आराखडा तयार झाला. आधी टकळी हातात घ्यायची आणि तिच्यामागचं शास्त्र मग समजून घ्यायचं. याच परिसरात पुढे संगणकाचा सगळ्यात हस्तकौशल्याचा विषय मात्र मुलं फळ्यावरून वहीत उतरवत राहिली. दोष शिक्षकांचा नव्हता. ३६० आणणार कुठून?

वीज गेली की प्रोग्राम गेला

हाताला लागणारं एक यंत्र प्रयोगशाळेत होतं: ८०८५चं किट. षोडशमान आकड्यांची बटणं आणि लाल अंकांची छोटी खिडकी. सोबतीला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॉलेजात शिकवणारे रमेश गावकर यांचं जाडजूड पुस्तक. दोन आकड्यांची बेरीज करायची तर ‘३ई ०५’, ‘०६ ०३’, ‘८०’ असं एकेक बाइट दाबत जायचं. उत्तर साठवायला ‘३२’, आणि त्यापुढे पत्त्याचा शेवटचा अर्धा भाग आधी, पहिला नंतर. हा उलटा क्रम विसरला की उत्तर भलत्याच खोलीत जाऊन बसायचं. शेवटी ‘७६’ म्हणजे थांब. विदर्भातल्या भारनियमनाच्या वर्षांत या किटने एक धडा पुस्तकाबाहेर शिकवला: वीज गेली की मेमरी कोरी, पुन्हा पहिल्या बाइटपासून सुरुवात.

मग आला पीसी, आणि त्याच्याबरोबर नागपूरचे यशवंत कानेटकर. ‘लेट अस सी’ हे त्यांचं पुस्तक देशभर गेलं, पण वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या मुलांना ते शेजारच्या शहरातून आलेलं होतं. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर पॉइंटर शिकायचा आणि डॉसच्या उघड्या मेमरीत हात घालायचा. बी-८०० या विभागाच्या सुरुवातीला एक अक्षर लिहिलं की ते पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात उमटतं. पुढच्या बाइटमध्ये त्याचा रंग. एक बाइट अक्षराचा, एक रंगाचा, असे ८० गुणिले २५ रकान्यांचे ४,००० बाइट. कानेटकरांनी मेमरीत दबा धरून बसणाऱ्या टीएसआर प्रोग्रामांवरही पुस्तक लिहिलं. डॉसला मालक नव्हता. कुठलाही प्रोग्राम कुठेही लिहू शकत होता. चुकलं तर यंत्र गोठायचं आणि पुन्हा चालू करायचं, एवढीच शिक्षा. सिस्टिम प्रोग्रामिंग म्हणजे कुणी अडवत नाही अशा जागी पोचणं, असा समज एका अख्ख्या पिढीचा झाला तो इथे.

कंपनी गेली ते साल

आयबीएमचं १४०१ हे यंत्र १९६१ साली मुंबईत एस्सो कंपनीत बसलं. आरपीजी ही अहवाल छापणारी भाषा मूळ त्याच १४०१साठी तयार झाली होती. आज आयबीएम आयवर सर्वाधिक लिहिली जाते ती तिचीच वारस. म्हणजे या घराण्याची ओळख मुंबईला फार लवकर झाली होती. पण परकीय चलन कायद्याने परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट घातली, जनता सरकारात उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी ती सैल केली नाही, आणि १९७८ साली आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला.

त्याच १९७८ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरला आयबीएमने सिस्टिम/३८ जाहीर केलं. एएस/४००ची आई ती. फ्रँक सोल्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात जे धाडस केलं, ते भारतातल्या अभ्यासक्रमांपर्यंत पोचलंच नाही. कंपनी टाटांबरोबर १९९२ साली परत आली तोवर इथल्या प्रयोगशाळा युनिक्स आणि पीसीच्या वाटेने खूप पुढे गेल्या होत्या. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत रुजू झाल्यावर बऱ्याच जणांना पहिल्या आठवड्यात कळायचं की आपल्याला ‘एएस-फोर हंड्रेड’वर टाकलं आहे, आणि हे काय असतं ते कॉलेजात कुणी सांगितलेलं नाही.

आधी हत्यार घडवा

सिस्टिम/३८मधलं धाडस हे होतं. रॉचेस्टरच्या अभियंत्यांनी चिपच्या वर एक यंत्र कल्पिलं आणि त्याच्या आज्ञा ठरवल्या. त्याला म्हणतात मशीन इंटरफेस, थोडक्यात एमआय. आरपीजी असो, कोबॉल असो, सी असो, सगळ्यांचे कंपायलर या कल्पित यंत्रासाठी आज्ञा तयार करतात. त्यांचं खऱ्या चिपच्या भाषेत रूपांतर करण्याचं काम खालचा एक थर गुपचूप करतो. एमआयच्या आज्ञा थेट चालवणारी चिप जगात कधीही बनलेली नाही. धामधेरेंच्या पुस्तकातलं यंत्र कुणी बांधलं नाही. हेही कुणी बांधलं नाही. फरक इतकाच की याच्यावर पगार निघतात.

ही भाषा शिकायला बसलेल्याला पहिला धक्का बसतो तो कंपायलर शोधताना. एमआयसाठी आज्ञेसारखा वापरता येईल असा कंपायलर प्रणालीसोबत मिळत नाही. मिळतो तो एक आडवाटेचा दरवाजा, क्यूपीआरसीआरटीपीजी नावाचा. त्याला एमआयमधला मजकूर एका लांबलचक अक्षरमाळेत द्यायचा, लांबी सांगायची, प्रोग्रामचं नाव सांगायचं. तो प्रोग्राम घडवून देतो. पण मूळ मजकूर फाइलमधून ओळ-ओळ वाचून ती माळ गुंफायची कुणी? तो छोटा प्रोग्राम आरपीजीत आपणच लिहायचा. म्हणजे भाषेचं पहिलं वाक्य बोलण्याआधी आपल्याच हाताने तिचं हत्यार घडवायचं. या वाटेचं सगळ्यात चांगलं वर्णन लाइफ स्वालगार्ड यांनी ‘एएस/४०० मशीन-लेव्हल प्रोग्रामिंग’ या पुस्तकात केलं आहे. हेच गृहस्थ सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राचे नामांकित अभ्यासक आहेत. यंत्राच्या पोटात शिरण्याची आवड केवळ संगणकवाल्यांची नाही.

पहिला प्रोग्राम साधा: एक आकडा घ्यायचा, दुप्पट करायचा, परत द्यायचा. आकडा जाहीर करायचा तो चार बाइटांचा द्विमान पूर्णांक म्हणून. बेरजेची आज्ञा एडीडीएन, परतण्याची आरटीएक्स. प्रोग्राम तयार होतो, आज्ञेच्या ओळीवरून त्याला ५ हा आकडा देऊन हाक मारली जाते, आणि आत पोचतो शून्य. ५ऐवजी १,००,००० दिले तर आत पोचतात ४,०९६.

इथे बरेच जण यंत्रावर संशय घेतात. पण यंत्र बरोबर आहे. आज्ञेच्या ओळीवर लिहिलेला कोणताही आकडा ही प्रणाली दशमान पद्धतीने बांधते: एकूण १५ अंक, त्यातले ५ दशांशचिन्हानंतरचे, प्रत्येक बाइटमध्ये दोन अंक, शेवटी चिन्हाचा अर्धा बाइट. एकूण आठ बाइट. ५ हा आकडा तसा बांधला की पहिले चार बाइट शून्य येतात आणि पाच येतो पाचव्या बाइटमध्ये. आपल्या प्रोग्रामने पाहिले फक्त पहिले चार. लाखाच्या आकड्यात ‘००००१०००००’ हे पूर्णांकाचे दहा अंक जोडीजोडीने बसतात. पहिले चार बाइट होतात ००, ००, १०, ००, आणि द्विमानात वाचले की ४,०९६. वहीत षोडशमान आकडेमोड केलेला विद्यार्थी हे दोन मिनिटांत सोडवतो. ज्याने ती टाळली, तो रात्रभर बसतो.

दशमान आकडे इतक्या खालच्या थरापर्यंत असण्याला कारण आहे. हे यंत्र हिशेबासाठी जन्मलं. पैशांच्या बेरजेत दहावा भाग नेमका मांडता आला पाहिजे, आणि द्विमान अपूर्णांकात तो नेमका बसत नाही. म्हणून एडीडीएन ही आज्ञा दशमान आणि द्विमान आकडे एकत्रही घेते. जुळवून घेणं तिच्याच अंगात आहे.

सोळा बाइटांची सनद

कानेटकरांच्या वाटेने आलेल्याला दुसरा धक्का पॉइंटर देतो. सवयीप्रमाणे तो एखाद्या पूर्णांकात पत्ता भरून त्याला पॉइंटर म्हणू पाहतो. इथे ते होत नाही. एमआयमधला पॉइंटर १६ बाइटांचा, आणि तो १६ने भाग जाणाऱ्या जागीच ठेवावा लागतो. शिवाय त्याच्या बाइटांव्यतिरिक्त मेमरीत एक जादा खूण असते, टॅग बिट. प्रोग्रामला ती वाचता येत नाही, लिहिता येत नाही. पॉइंटर घडवणाऱ्या अधिकृत आज्ञा ती लावतात. साध्या आज्ञेने त्या जागेला हात लागला की हार्डवेअर ती पुसून टाकतं. तलाठ्याच्या सहीशिवाय सातबाऱ्याची झेरॉक्स जितक्या कामाची, तितकाच टॅग गेलेला पॉइंटर.

हे करून पाहण्याचा प्रयोग छोटा आहे. एक पॉइंटर घ्यायचा आणि सीपीवायबीएलए या साध्या नकलेच्या आज्ञेने दुसऱ्या जागी न्यायचा. सोळाच्या सोळा बाइट तंतोतंत उतरतात. आता त्या नकलेचा वापर करायचा. प्रोग्राम थांबतो आणि संदेश येतो: एमसीएच३६०१, पॉइंटर लावलेला नाही. मग तीच नक्कल सीपीवायबीडब्ल्यूपी या आज्ञेने करायची, जी पॉइंटरांसकट नक्कल करते. आता काम होतं. दोन्ही वेळा बाइट तेच, एकदा परवानगी सोबत आली नव्हती आणि एकदा आली.

संदेशावर एफ-१ दाबलं की दुसरा पडदा उघडतो: कारण काय, चूक कुठल्या आज्ञेच्या क्रमांकावर झाली, उपाय कोणता. हे सगळं जॉबलॉगमध्ये साठून राहतं. डॉसच्या गोठलेल्या पडद्यासमोर बसलेल्यांना ही चैन नव्हती.

अडवणूक इथे संपत नाही. या यंत्रावर फाइल म्हणजे बाइटांची रास नव्हे. प्रत्येक गोष्ट ही ठरावीक प्रकारची वस्तू आहे. प्रोग्राम हा प्रोग्रामच, त्याला माहितीसारखं उघडून दोन बाइट बदलता येत नाहीत. सुरक्षेच्या क्रमांक दिलेल्या पायऱ्या आहेत. यंत्र येतं ते ४०व्या पायरीवर. त्या पायरीवर साध्या प्रोग्रामने प्रणालीच्या खासगी वस्तूला थेट हात लावला की एमसीएच६८०१ म्हणून तो थांबवला जातो. मेमरी आणि डिस्क यांच्यातली भिंतही इथे नाही. दोन्ही मिळून एकच अफाट पत्त्यांचा पट्टा. वस्तू तयार केली की ती तिच्या पत्त्यावर आहे. ‘सेव्ह’ करायची वेगळी पायरी नाही. ८०८५च्या किटवर तिसऱ्यांदा तेच बाइट दाबलेल्याला या कल्पनेचं मोल पटकन कळावं.

चिप बदलली, आज्ञा तीच राहिली

या कल्पित यंत्राची परीक्षा १९९५ साली झाली. तोवर एएस/४००ची चिप ४८ बिटांचे पत्ते वापरत होती. आयबीएमने ती काढून ६४ बिटांची पॉवरपीसी घराण्यातली चिप बसवली. दुसऱ्या बहुतेक यंत्रांवर याचा अर्थ झाला असता सगळे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करणं, आणि मूळ मजकूर हरवलेल्या कंपन्यांचं कंबरडं मोडणं. इथे प्रोग्राम-वस्तूच्या आतच एमआयमधलं रूप जपून ठेवलेलं होतं. ज्यांनी ते पुसून टाकलं नव्हतं, त्यांचे प्रोग्राम नव्या यंत्रावर आणताना आपोआप पुन्हा रूपांतरित झाले. २००८ साली ६.१ आवृत्तीच्या वेळी पुन्हा एकदा असंच रूपांतर झालं. पॉइंटर मात्र सिस्टिम/३८पासून १६ बाइटांचाच होता. पत्ता ४८ बिटांवरून ६४ बिटांचा झाला तो त्या १६ बाइटांत आरामात मावला.

जावानेही बाइटकोडचं कल्पित यंत्र घरोघरी पोचवलं, आणि आज फोनमधल्या कितीतरी प्रोग्रामांखाली असा एखादा थर असतो. पण जावाचं कल्पित यंत्र एका प्रणालीवर पाहुणा म्हणून राहतं. रॉचेस्टरचं यंत्र स्वतःच घराचा पाया आहे. त्याच्या खाली जायचं तर सेवा-साधनांचा वेगळा दरवाजा आणि वेगळी परवानगी लागते. ती असेल तर आपल्या एका एडीडीएनचं पॉवर चिपच्या किती आज्ञांत रूपांतर झालं, हे डोळ्यांनी पाहता येतं. विनामूल्य खात्यावर ती मिळत नाही, आणि का मिळत नाही हे एव्हाना विद्यार्थ्याला सांगावं लागत नाही.

वहीतल्या यंत्राकडे इथून पुन्हा पाहिलं तर ते केविलवाणं वाटत नाही. खुणांची यादी, दोन फेऱ्या, मधलं रूप: क्यूपीआरसीआरटीपीजीच्या दारापलीकडे घडतं ते याच जातीचं काम. फक्त तिथे चूक झाली तर पेपर तपासणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

नोकरी, जर्नल आणि व्हायव्हा

याने नोकरी मिळते का? एमआयने, नाही. आयबीएम आयच्या मुलाखतीत आरपीजी, सीएल ही आज्ञाभाषा आणि डीबी२ हा डेटाबेस विचारतात. कामही बहुतेक जुन्या प्रोग्रामांच्या देखभालीचं, परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या घड्याळाप्रमाणे. पण ही यंत्रं संपलेली नाहीत, प्रणालीची ७.६ आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमधून त्यावर काम करता येतं, त्यामुळे हिरवा पडदाही अनिवार्य उरलेला नाही. देवनागरीसाठीही या घराण्याच्या अक्षरसंचांत ११३७ क्रमांकाचं कोष्टक आहे. मध्यरात्री एमसीएच३६०१ येऊन एखादं काम अडकलं, तर पॉइंटर म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस आणि नुसता संदेश शोधयंत्रात टाकणारा माणूस यांच्यात काही तासांचा फरक पडतो.

कॉलेजपुरतं बोलायचं तर सिस्टिम प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये हे चार आठवड्यांत बसू शकतं. पहिल्या आठवड्यात खातं आणि आरपीजीतलं हत्यार. दुसऱ्यात दुप्पट करणारा प्रोग्राम, लाखाचे ४,०९६ कसे झाले याच्या हिशेबासकट. तिसऱ्यात पॉइंटरची नक्कल, दोन्ही आज्ञांनी. चौथ्यात तोच प्रयोग सी भाषेतून, कारण एमआयच्या आज्ञा सीमधूनही बोलावता येतात. सबमिशनला वर्षानुवर्षं सीनियरचं जर्नल उतरवलं जातं, त्यावर इथे आपसूक इलाज आहे: जॉबलॉगवर प्रत्येकाचं स्वतःचं खातं, तारीख आणि वेळ छापून येते. तो जॉबलॉग जर्नलला जोडायचा. एक्स्टर्नलने व्हायव्हाला प्रोग्राम विचारूच नये. एमसीएच३६०१च्या ओळीवर बोट ठेवावं आणि त्या क्षणी त्या सोळा बाइटांत काय होतं, ते फळ्यावर लिहायला सांगावं.